ऑस्टिन, रॉली आणि मेधाची शेती

माझ्या बायकोची शेती मी फोनवर, उभ्या उभ्या, हातातला चहा गार व्हायच्या आत परत देऊन टाकली. फोन ठेवला तेव्हा माझी अशी समजूत होती की मी तिच्यावर उपकार केलेत.

आता शेती म्हटल्यावर ऊस आणि पाटाचं पाणी डोळ्यांसमोर आणू नका. इंग्लंडात ब्रॅकनेलला आमच्या घरापासून सायकलवर थोड्याच अंतरावर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, मोकळी जमीन आहे. तिचे लहान लहान तुकडे करून कौन्सिल ते लोकांना भाजीपाला लावायला देते. त्याला इथे अलॉटमेंट म्हणतात. मेधाचा तुकडा साधारण बॅडमिंटनच्या कोर्टाएवढा होता आणि तो मिळायला ती तीन वर्षं वेटिंग लिस्टवर होती. (इथे माणसं नोकरी सोडतात, नवरा सोडतात, देश सोडतात, पण अलॉटमेंट सोडत नाहीत. त्यामुळे आपला नंबर लागायचा तर बहुतेक वेळा कुणाला तरी मरावं लागतं.)

तुकडा मिळाला तेव्हा त्यात गुडघाभर गवत, एक मोडकी खुर्ची आणि आधीच्या म्हातारबुवांनी लावलेला रुबार्ब एवढंच होतं. मेधा चिपळूणची. आठवडाभर ती इथल्या प्राथमिक शाळेत लहान मुलांची नाकं पुसायची, त्यांना रांगेत उभं करायची आणि शनिवार-रविवार हे गवत उपटायची. दोन वर्षांत तिथे मेथी आली, लाल माठ आला, मुळे आले, भोपळ्याचा वेल शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊन परत आला. रुबार्बचे देठ आमटीत घालून तिनं ते आंबट चुका म्हणून खपवले आणि आमच्या मित्रमंडळींनी मिटक्या मारत खाल्ले. उन्हाळ्यात तिच्या मेथीच्या जुड्या ब्रॅकनेलहून पिनरला आणि पिनरहून क्रॉयडनला जात. एकदा मी तिला घ्यायला गेलो असताना ती चिखलाचे हात पुसत म्हणाली होती, "शिरीष, ह्या देशात व्हिसा तुझ्या नोकरीमुळे, घर तुझ्या नोकरीमुळे, गाडीसुद्धा तुझ्या कंपनीची. हे तेवढं माझं आहे."

मी हो म्हटलं आणि मुळे डिकीत टाकले.

कागदोपत्री मात्र तेही माझंच होतं. अर्ज करताना माझं नाव का घातलं ते आज आठवत नाही. आपल्याकडे कुठलाही अर्ज समोर आला की पेन आपोआप नवऱ्याच्या नावाकडे वळतं. हे कळल्यावर माझे सासरे चिपळूणहून फोनवर म्हणाले होते, "म्हणजे सातबारा तुमच्या नावावर आणि कुदळ आमच्या मुलीच्या हातात. छान. तिकडेही इथल्यासारखंच आहे तर."

हे सगळं दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं. त्या उन्हाळ्यात एकदा ऑफिसच्या किचनमध्ये मी चहा करत असताना माझा साहेब ग्रॅहम शेजारी येऊन उभा राहिला. ग्रॅहम कामाशिवाय कुणाशी बोलत नसे, त्यामुळे मला वाटलं मी त्याचा कप घेतलाय.

"अमेरिकेत आपली दोन ऑफिसं वाढतायत," तो म्हणाला. "ऑस्टिन आणि रॉली. इथून काही माणसं कायमची पाठवायचा विचार आहे. तुला जायला आवडेल?"

"कुठे?"

"तू सांग. दोन्ही बघून ये. अर्थात, वरून अजून मंजुरी यायची आहे."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. नाही असं नाही. पण विमान उडण्याआधी हवाई सुंदरी सुरक्षेच्या सूचना देते त्या आपण ऐकतो, तसं ऐकलं.

आठवडाभर मी ती दोन शहरं बघून आलो, आणि खरं सांगतो, त्यानंतर कितीतरी दिवस माझं तोंड नीट मिटलं नव्हतं.

ऑस्टिनला विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तर तापल्या तव्यासमोर उभं राहिल्यासारखं झालं. रस्ते एकावर एक चढलेले, त्यांच्यावर आणखी एक चढत होता. घरं दाखवणाऱ्या बाईचं नाव ब्रेंडा. ती एका हातानं गाडी चालवायची आणि दुसऱ्या हातानं शहर दाखवायची. "हे गेल्या वर्षी नव्हतं. हेही नव्हतं. हे तर मागच्या महिन्यात नव्हतं." एका वळणावर ती स्वतःच रस्ता चुकली, कारण तो रस्तासुद्धा मागच्या महिन्यात नव्हता.

तिनं दाखवलेल्या घरात मी शिरलो. मग कपाटात शिरलो. कपाटात दिवा होता. कपाटाला खिडकी होती. (आमच्या ब्रॅकनेलच्या बेडरूममध्ये एकाला पलंगावरून उतरायचं असेल तर दुसऱ्यानं आधी उतरून बाहेर जावं लागतं.) स्वयंपाकघरात फ्रिजच्या दाराला ग्लास लावला की बर्फ पडायचा. मी लावला, पडला. काढला, थांबला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. ब्रेंडा शांतपणे उभी होती. तिनं माझ्यासारखी बरीच माणसं पाहिली असावीत.

संध्याकाळी गाव एका पुलावर गोळा झालं. कशासाठी, तर पुलाखाली राहणारी वटवाघळं बाहेर पडतात ती बघायला. आणि ती पडली. धुराच्या लोटासारखी, एकामागून एक, संपेचनात. मी मान वर करून बघतच राहिलो. शेजारच्या माणसानं विचारलं, "कुठून आलात?" मी म्हटलं, "इंग्लंडहून." तो म्हणाला, "तिकडे नाहीत का असली?" आयुष्यात पहिल्यांदा मला वटवाघळांच्या बाबतीत कमीपणा वाटला.

रॉलीत सगळंच उलट. तिथे शहर कुठे आहे तेच सापडेना. सगळीकडे पाइनची उंच झाडं. जंगलातून चाललोय असं वाटावं, कुणीतरी डावीकडे वळा म्हणावं, आणि झाडांमागून अख्खी नवी वसाहत निघावी, शाळेसकट. लोकांनी जंगलात शहर लपवून ठेवलं होतं आणि ते लपवता लपवता वाढवत होते. वॉल्टर नावाच्या तिथल्या माणसानं मला एक अर्धवट बांधलेलं घर दाखवलं. घरामागे अर्धा एकर जागा, नुकतीच खणलेली. ती माती बघून मी जागीच थांबलो.

लाल. घाटात नवीन दरड कापल्यावर दिसते तशी, चिपळूणसारखी लाल.

ऑफिसच्या पँटीत मी खाली बसलो आणि ती मुठीत घेतली.

"काही पडलं का?" वॉल्टरनं विचारलं.

"नाही. माती."

"काळजी करू नका," तो दिलगिरीच्या सुरात म्हणाला. "ह्याच्यावर आम्ही हिरवळ अंथरून देतो. अजिबात दिसणार नाही."

मी त्या मातीचे फोटो काढले. उभे, आडवे, जवळून, लांबून. आणि तिथेच ठरवलं. माझ्यासाठी ऑस्टिन असेल, पण मेधासाठी रॉली. बॅडमिंटनच्या कोर्टावर राबणाऱ्या माझ्या बायकोला मी अर्धा एकर लाल माती देणार होतो. परतीच्या विमानात मला माझं इतकं कौतुक वाटत होतं की मी दोनदा जेवण मागून घेतलं.

घरी आल्यावर मी दोन्ही शहरांचं वर्णन सुरू केलं ते थांबेचना. आमची मुलगी सई तेव्हा बारा वर्षांची. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी तिच्या सोयीनं चालतं.

"बाबा, पण कुठली शहर जास्त चांगला आहे?"

"आईसाठी रॉली."

"आणि माझा मैत्रिणी?"

"मैत्रिणी तिथेही होतील. तिथे घराघरात स्विमिंग पूल आहेत."

मेधा मातीचा फोटो बराच वेळ बघत होती. "माती छान आहे," ती म्हणाली. हा मी होकार धरला. मग ती म्हणाली, "पण शिरीष, पक्कं झालंय ना?"

"म्हणजे काय."

'म्हणजे काय' ह्या शब्दांत हो कुठेही नाही, हे मला फार उशिरा कळलं.

इथल्या मराठी माणसांची एक रीत आहे. कुणी देश सोडून चाललं की त्याला घरोघरी निरोपाचं जेवण. लग्नाआधीच्या केळवणासारखंच, फक्त मुलीऐवजी सगळं बिऱ्हाडच निघालेलं असतं. बातमी मी अशा थाटात फोडली की सप्टेंबरचे सगळे शनिवार-रविवार भरून गेले. आणि प्रत्येक घरात दोन पक्ष पडले. कारण अमेरिकेत नातेवाईक नाही असं मराठी घर नाही, आणि ज्याचा नातेवाईक ज्या शहरात, ते शहर उत्तम.

क्रॉयडनचा माझा मित्र नितीन मूळचा नागपूरचा. त्याच्या बायकोचा, अश्विनीचा भाऊ ऑस्टिनला. नितीननं तर वाढता वाढता पळीच खाली ठेवली.

"अबे शिरीष, काहून रॉली? ऑस्टिन म्हणजे ऑस्टिन. माझा साळा राहते तिथं. बारा महिने हाफ पँटवर फिरून राहिला."

"आणि बारा महिने एसीत बसतो," अश्विनी म्हणाली. "फोनवर मागे नुसता घुंऽऽ आवाज येतो."

"नागपूरच्या माणसाले उन्हाचं काय कौतुक? मी म्हणतो, ज्या शहरात रोज नवीन रस्ता बनते, तिथं जावं."

"अरे, पण रॉलीची माती..." मी कॅमेरा काढला.

"पुन्हा माती," मेधा हळूच म्हणाली.

त्याच जेवणात विजेचा विषय निघाला. अमेरिकेत वीज एकशेदहा व्होल्टची. आपला इथला मिक्सर तिकडे नेला तर तो चटणी वाटणार नाही, नुसता सुस्कारे टाकेल. झालं. मी दानशूर झालो. मिक्सर अश्विनीला दिला. मायक्रोवेव्ह शेजाऱ्यांना दिला. टीव्हीसुद्धा तिकडे चालणार नाही असं कळलं म्हणून तो पिनरच्या जोगळेकर काकांकडे पोचवला. घरात एकेक कोपरा रिकामा होत होता आणि मला वाटत होतं आपण अमेरिकेच्या जवळ जवळ जातोय. मेधा खलबत्त्यात चटणी कुटत होती. ठक्, ठक्.

अशाच एका दिवशी मी घरून काम करत असताना कौन्सिलचा फोन आला. बाई अत्यंत गोड आवाजाच्या. नवीन वर्षाची नोंदणी चालू आहे, तुमचा तुकडा ठेवायचा की सोडायचा?

"सोडायचा," मी म्हटलं. "कुणा गरजूला द्या."

"नक्की ना? रांग फार मोठी आहे. एकदा गेला की..."

"मॅडम, आम्हाला अमेरिकेत अर्धा एकर मिळतोय."

"अरे वा, किती छान," त्या म्हणाल्या आणि पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. तेवढ्यात झालं.

मेधाला संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. संध्याकाळी टीव्ही पोचवायचा होता. दुसऱ्या दिवशी जेवण होतं. त्यानंतर... खरं सांगायचं तर मी विसरलो वगैरे नव्हतो. ऐकल्यावर तिचा चेहरा कसा होईल ह्याची मला पुरती कल्पना होती. म्हणून मी ते पुढे ढकलत गेलो. तिनं तिकडे जाणंही सोडलं होतं. "आता जायचंच आहे तर शेतावर पाय वळत नाही," असं म्हणायची. मला ते सोयीचं पडलं.

ऑक्टोबरात एका मंगळवारी ग्रॅहम पुन्हा किचनमध्ये शेजारी येऊन उभा राहिला.

"ते अमेरिकेचं. होत नाहीये."

"कुठलं? ऑस्टिन?"

"दोन्ही."

"रॉलीसुद्धा?"

"दोन्हीत रॉली आलं, शिरीष." त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. इंग्लंडमध्ये साहेब पाठीवर हात ठेवतो तेव्हा काही उरलेलं नसतं. तिथेच माणसं मिळत होती, इथून न्यायचा खर्च कशाला, असं वरच्यांनी ठरवलं होतं.

मी घरी सांगितलं नाही. कारण रविवारी पिनरला जोगळेकरांकडचं जेवण होतं, आणि काकूंनी शुक्रवारपासूनच पुरण घालायला घेतलं होतं.

जोगळेकर काका-काकू सत्तर सालच्या आसपास इथे आलेले. आमच्या सगळ्यांचे वडीलधारे. त्यांचा पुतण्या रॉलीला, म्हणजे काका आमच्या पक्षाचे. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि काकांनी मला मिठीच मारली.

"शिरीष, आम्ही आलो तेव्हा कुठे जावं हे सांगायला कुणी नव्हतं. स्टेशनजवळ खोली मिळाली, राहिलो. तू कसं दोन्ही शहरं बघून, तोलून ठरवलंस. शाबास. सांग, सगळ्यांना सांग पुन्हा."

मी सांगितलं. आता तर जायचंच नव्हतं, त्यामुळे मला कुठलीच मर्यादा उरली नव्हती. त्या दुपारी मी जे रॉली रंगवलं ते अमेरिकेतही नाही. झाडं दुप्पट उंच झाली. अर्ध्या एकराचा एक झाला. सगळे पुरणपोळी हातात धरून ऐकत होते आणि माझ्या पानातली पोळी तशीच होती.

"खा रे, संकोच करू नकोस," काकू म्हणाल्या. "अहो, त्याला तूप वाढा. भावुक झालाय तो."

मग काकांनी पुतण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पुतण्या म्हणाला, "शिरीषदादा, बिनधास्त या. विमानतळावर घ्यायला मी येतो. बायकोनं तर तुमच्यासाठी तळघर रिकामं केलंय." मी म्हटलं, "कशाला एवढा त्रास." हे मी मनापासून म्हटलं होतं, पण सगळे हसले. वरच्या खोलीतून सई खाली आली आणि म्हणाली, "आई, आपली टीव्ही इकडे जास्त चांगला दिसते." निघताना काकूंनी मेधाची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. म्हणाल्या, "पोरी, तिकडे गेल्यावर आमची मेथी बंद होणार गं." आणि डोळ्यांना पदर लावला.

परत येताना एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवर ट्रॅफिक ठप्प होता. सई मागे कानात गाणी घालून बसली होती. मेधाच्या मांडीवर नारळ.

"शिरीष," ती म्हणाली, "एक बोलू? रागावू नकोस."

"बोल."

"मला नाही रे जायचं. ऑस्टिन नको, रॉली नको. तू एवढ्या आनंदात होतास म्हणून बोलले नाही. पण मला खरंच नाही जायचं."

माझ्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं म्हणता. "मग नाही जायचं," मी म्हटलं.

"चेष्टा नको."

"कंपनीनंच नाही म्हटलंय. दोन्ही रद्द."

"कधी?"

"मंगळवारी."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे आज काकूंनी ओटी भरली तेव्हा तुला माहीत होतं? आणि तो माणूस तळघर रिकामं करून बसलाय..." आणि तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की मांडीवरचा नारळ घरंगळून माझ्या पायाशी आला. सईनं कानातलं काढलं.

"काय झाला?"

"आपण कुठेही जात नाही," मेधा म्हणाली.

"येस," सई म्हणाली आणि पुन्हा कानात घातलं. दोन महिने मी ज्या दोघींसाठी दोन शहरं तोलत होतो, त्यांना एकही नको होतं आणि मी विचारलं नव्हतं.

मेधानं डोळे पुसले. "लसूण लावायची वेळ अजून गेली नाही," ती म्हणाली. "घेऊनच जाते आता. वाचली बाई माझी शेती."

माझा पाय ब्रेककडे गेला. ब्रेकवर नारळ होता. गाडी आधीच उभी होती हे माझं नशीब.

"लसूण छान," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचताच मी कौन्सिलला फोन केला. त्याच गोड आवाजाच्या बाई.

"अमेरिका ना? आठवतंय मला. कशी आहे?"

"रद्द झाली. तो तुकडा परत..."

"अरेरे. तो गेला. डॉरीन म्हणून एक बाई आहेत, फार वर्षं थांबल्या होत्या. तुमचं नाव रांगेत शेवटी घालू का?"

"किती दिवस लागतील?"

पलीकडे पुन्हा कीबोर्ड वाजला. "तुम्हाला मूलबाळ आहे?"

"मुलगी आहे. बारा वर्षांची."

"मग तिचं नाव घाला," त्या सहानुभूतीनं म्हणाल्या.

तो आठवडा मी पावसाच्या जोरावर काढला. (इंग्लंडच्या हवेनं माझ्यासाठी केलेलं हे एकमेव काम.) आज नको, चिखल असेल. उद्या नको, वारा आहे. शनिवारी मात्र लख्ख ऊन पडलं. मी सकाळीच मेधाला म्हटलं, "क्रॉयडनला जाऊन मिक्सर घेऊन येतो," आणि गाडी थेट अलॉटमेंटवर नेली.

डॉरीन साठीच्या पुढची. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर लोकरी टोपी. ती तुकड्यातल्या अवजारांच्या शेडचं फळकूट ठोकत होती. आणि शेडच्या पायरीवर मेधाचा लाल भोपळा बसला होता. त्याला डोळे कोरले होते. दात कोरले होते. हॅलोवीन दोन-तीन दिवसांवर होतं. डॉरीनच्या नातीनं वेलावरचा एकुलता एक भोपळा बघून त्याचं भूत केलं होतं.

मी डॉरीनला सगळं सांगितलं. ग्रॅहम, वटवाघळं, फ्रिजचा बर्फ, लाल माती, फोन. तिनं मध्येच "वटवाघळं खरंच एवढी?" असं विचारलं, म्हणून ती परत सांगितली. सगळं ऐकून ती म्हणाली, "हे तुमच्या बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"मग तुम्ही भलत्याच बाईशी बोलताय. जरा हे फळकूट धरा."

मी धरलं. तिनं एक खिळा मारला, दुसरा तोंडात धरला, आणि फाटकाशी सायकलची घंटी वाजली.

मेधानं सायकल उभी केली. हँडलला लसणाची पिशवी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी ह्या वेळी क्रॉयडनला असायला हवा होतो. तिनं डॉरीनकडे पाहिलं. मग भोपळ्याकडे पाहिलं. भोपळा दात काढून हसत होता.

"हा मी दिवाळीच्या घारग्यांसाठी ठेवला होता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. मग म्हणाली, "शिरीष, मिक्सर कुठे आहे?"

मी तोंड उघडायच्या आत डॉरीननं तोंडातला खिळा काढला आणि दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. मला ते महिनाभर जमलं नव्हतं.

"मेधा," मी म्हटलं, "त्याचं काय झालं, रॉलीची माती बघितली ना मी, तेव्हा मला वाटलं की तुला..."

"कारण नको सांगूस."

तिनं लसणाची पिशवी काढली आणि डॉरीनच्या हातात दिली. इंग्रजीत म्हणाली, "आजच लावा. वेळ होत आलीय." आणि सायकल वळवून निघून गेली. मी अजून फळकूट धरून उभा होतो.

मेधा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. घरात कामापुरतं बोलायची. दूध संपलंय. सईची फी भर. तुझा फोन वाजतोय. मी खूप प्रयत्न केले. कुंड्या आणल्या. बियांची पाकिटं आणली. अश्विनीकडून मिक्सर आणला, जोगळेकरांकडून टीव्ही आणला (काका म्हणाले, "ठीक आहे, पण आमचा सामना अर्धा राहिला"), शेजाऱ्यांकडून मायक्रोवेव्ह आणला, त्यात त्यांचा अर्धा खाल्लेला अ‍ॅपल पाय होता तसाच. नितीननं माझं सांत्वन केलं, "अबे, ऑस्टिन म्हटलं असतं तर झालं असतं तुझं." आणि रोज काही ना काही निमित्तानं मी मेधाला समजावून सांगायचो की माझ्या मनात काय होतं. ती ऐकून घ्यायची आणि चटणीचं भांडं मिक्सरवरून उतरवायची.

पंधरा-वीस दिवसांनी डॉरीन घरी आली. तिच्या गुडघ्याला अख्खा तुकडा झेपत नव्हता. कौन्सिल तुकड्याचे दोन भाग करून देतं, अर्धा तुम्ही घेता का, असं विचारायला आली होती. मेधानं तिला चहा दिला आणि हो म्हटलं. अर्ज मेधानं भरला, स्वतःच्या नावानं. मी त्या वेळी खोलीतही नव्हतो. अर्ध्या एकराची स्वप्नं दाखवणाऱ्या माणसानं बायकोला अर्ध्या बॅडमिंटन कोर्टावर आणून ठेवलं होतं. पण मला वाटलं, चला, मिळालं परत. मिटलं.

मिटलं नव्हतं. मेधा अर्ध्या तुकड्यावर जायची, येताना हात धुवायची, आणि दूध संपल्याचं सांगायची.

जानेवारीत एका रविवारी ती फ्लास्क विसरून गेली म्हणून मी तो पोचवायला गेलो. रात्री कडाक्याचं गोठलं होतं. जमीन पांढरी, टणक, बूट वाजत होते. तुकड्याच्या मधोमध एक दोरी बांधलेली. एका बाजूला डॉरीन, दुसऱ्या बाजूला मेधा, दोघी उलट्या बादल्यांवर बसलेल्या. आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना, त्या गोठलेल्या मातीतून, बोटभर हिरवे कोंब वर आलेले.

"हे काय?" मी विचारलं.

"लसूण," मेधा म्हणाली.

मी खाली वाकलो. कोंबाच्या टोकावर बर्फाचा कण होता आणि कोंब सरळ उभा होता. ह्या थंडीत माझी गाडी सुरू होत नव्हती. मी किती वेळ तसाच वाकून होतो कोण जाणे. ऑस्टिनच्या पुलावर माझं असंच झालं होतं. पण तिथे मी फक्त बघत होतो. इथे मला कळत होतं की हे कुणी केलंय. थंड वाऱ्यात, पावसात, आठवडाभर शाळेतल्या मुलांची नाकं पुसून झाल्यावर, एकटीनं येऊन कुणी ही जमीन अशी केली होती की तिच्यात परक्या बाईनं पुरलेल्या पाकळ्यासुद्धा उगवल्या. आणि ते मी चहा पिता पिता देऊन टाकलं होतं.

मी उभा राहिलो. फ्लास्क मेधाच्या हातात दिला.

"मेधा, तुझी शेती मी तुला न विचारता देऊन टाकली. माझं चुकलं."

एवढंच. सवयीनं पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं, 'म्हणजे मला वाटलं की'. ते मी गिळलं. मेधानं फ्लास्कचं झाकण उघडलं, त्यात चहा ओतला, आणि माझ्याकडे न बघता झाकण माझ्यापुढे धरलं.

"काय म्हणतोय तो?" दोरीपलीकडून डॉरीननं विचारलं.

"सॉरी म्हणतोय," मेधा म्हणाली.

डॉरीननं टोपी मागे सारून माझ्याकडे नीट पाहिलं. "आत्ता? एवढ्या महिन्यांत म्हटलंच नव्हतं?"

नव्हतं म्हटलं. अमेरिकेची दोन शहरं मी क्रॉयडनपासून पिनरपर्यंत सगळ्यांना समजावून सांगितली होती, डॉरीनला वटवाघळं दोनदा सांगितली होती, आणि हा एक शब्द तेवढा राहिला होता. म्हणून मी तो पुन्हा एकदा म्हटला, ह्या वेळी इंग्रजीत, दोरीच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असा.